गच्चीवरचं शेवाळ: ॲसिड नको, ब्लीचिंग पावडर घ्या

नाशिकचा पाऊस ओसरला की गच्चीच्या कोब्यावर आणि उत्तरेकडच्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीवर हिरवा-काळा थर उरतोच. बरेच जण सरळ ॲसिड ओततात. तसं करू नका. ॲसिड सिमेंट खातं, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढच्या वर्षी शेवाळ आणखी घट्ट धरतं.

त्याऐवजी आधी कोरड्या खराट्याने सुटं शेवाळ खरवडून काढा. 5 लिटर पाण्यात साधारण 100 ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवा, गाळ बसू द्या आणि वरचं पाणी शेवाळावर ओता. ढगाळ दिवस किंवा सकाळची वेळ धरा, कारण उन्हात ते लगेच वाळतं. 15-20 मिनिटांनी घासून भरपूर पाण्याने धुवा. भिंतीच्या रंगावर आधी कोपऱ्यात थोडं लावून पाहा.

ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. हातमोजे, जुने कपडे आणि पायात न घसरणारी चप्पल हवीच. तुळशीची कुंडी आधी बाजूला. पावसाचं पाणी टाकीत साठवत असाल तर तो पाइप आधी बंद करा.

पाणी साचतं तिथला उतार मात्र गवंड्याकडूनच दुरुस्त करून घ्यावा लागतो.