नव्या माणसाला सफाई शिकवताना

शाहूपुरीतल्या ऑफिसांची सफाई आमच्याकडं असते. नवीन माणूस आला की लगेच हातात मॉप देऊ नका, आधी बाटल्या ओळखायला लावा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली की क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात जीव गुदमरतो. "दोन्ही घातलं की जादा चमकतंय" म्हणणारा एक तरी भेटतोच, त्याला तिथंच थांबवा. फडकी रंगानं वेगळी ठेवा. आमच्यात लाल फक्त संडासाला. ते टेबलावर दिसलं की थेट कचऱ्यात. आधी पंखे, मग टेबलं, शेवटी फरशी. पुसताना आतल्या कोपऱ्यातून दाराकडं मागं सरकत यायचं. पावसाळ्यात बादलीतलं पाणी दर खोलीला बदलायला लावा. गढूळ पाण्यानं पुसलेली फरशी वाळली की पट्टे उमटतात, आणि साहेबांचा फोन मलाच येतो.