अमेरिकी प्रायमरीचे आकडे वाचताना या चुका टाळा

अमेरिकेत पक्षाच्या उमेदवारीसाठी चुरस लागली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो: "ते राज्य तर तिने जिंकलं, मग पुढे तो कसा?" गोंधळाचं मूळ आपल्या सवयीत आहे. विधानसभा असो की लोकसभा, एक मत जास्त पडलं की जागा खिशात. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायच्या राज्याराज्यांतल्या मतदानात, हा हिशेब चालत नाही. हे समजून घ्यायला २००८ ची हिलरी क्लिंटन विरुद्ध बराक ओबामा ही लढत मला आजही सगळ्यात चांगली वाटते.

राज्य जिंकलं म्हणजे डेलिगेट जिंकले, असं धरू नका

पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवतात डेलिगेट, म्हणजे राज्यांचे प्रतिनिधी, आणि ते निदान १५ टक्के मतं मिळवणाऱ्यांमध्ये मतांच्या प्रमाणात वाटले जातात. ५ फेब्रुवारी २००८ च्या 'सुपर ट्यूसडे'चे, म्हणजे अनेक राज्यांत एकाच दिवशी झालेल्या मतदानाचे, दोन निकाल शेजारीशेजारी ठेवा. न्यू जर्सीत सुमारे ११ लाख लोकांनी मत दिलं. क्लिंटन जिंकल्या, डेलिगेट ५९ विरुद्ध ४८, म्हणजे आघाडी ११ ची. आयडाहोच्या कॉकसला, म्हणजे मतदारांच्या सभांना, जेमतेम २१ हजार लोक आले. तिथे ओबामांना जवळजवळ ८० टक्के मतं, डेलिगेट १५ विरुद्ध ३, आघाडी १२ ची. न्यू जर्सीची सगळी कमाई आयडाहोने एका रात्रीत पुसून टाकली.

त्यात बरेचसे डेलिगेट राज्यभरातून एकत्र न वाटता मतदारसंघनिहाय वाटतात. थेट दोघांच्या लढतीत, चार डेलिगेटच्या मतदारसंघात ५८ टक्के मतं घेतली तरी वाटणी २-२ च होते. तिसरा डेलिगेट हवा तर साडेबासष्ट टक्के गाठावे लागतात. तीनच्या मतदारसंघात मात्र एका मताने २-१. म्हणून मथळ्यातला विजेता पाहून थांबू नका, किती फरकाने आणि कुठे हे बघा. टेक्ससमध्ये प्रायमरी क्लिंटन यांनी जिंकली, पण त्याच राज्यात कॉकसही होता, आणि दोन्ही मिळून डेलिगेट ओबामांचे जास्त भरले.

कॉकस आणि प्रायमरी एका तराजूत तोलू नका

प्रायमरी म्हणजे जायचं, मत द्यायचं, घरी यायचं. आयोवाचा तेव्हाचा कॉकस डोळ्यांसमोर आणा: जानेवारीची कडाक्याची थंडी, संध्याकाळची वेळ, शाळेचा हॉल. ज्याचा जो उमेदवार, त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं. डोकी मोजायची. ज्याच्या कोपऱ्यात पुरेशी माणसं नाहीत, त्याच्या समर्थकांनी दुसरा कोपरा धरायचा. रात्रपाळीची नर्स किंवा तान्हं मूल घरी असलेली आई तिथे कशी पोचणार? वॉशिंग्टन राज्याने २००८ मध्ये दोन्ही घेतलं. ९ फेब्रुवारीच्या कॉकसमध्ये ओबामांना सुमारे ६८ टक्के आणि क्लिंटन यांना ३१. दहाच दिवसांनी त्याच राज्याच्या प्रायमरीत, जिच्यावर डेलिगेट ठरणार नव्हते, ५१ विरुद्ध ४६. मतदारांचं मन दहा दिवसांत इतकं पालटलं असं मला वाटत नाही. पद्धत बदलली की कोण येतं तेच बदलतं.

शेवटच्या चाचणीला निकाल समजू नका

न्यू हॅम्पशायरमध्ये बहुतेक जनमत चाचण्या ओबामांना स्पष्ट पुढे दाखवत होत्या. ८ जानेवारीला क्लिंटन साधारण ३९ विरुद्ध ३६ ने जिंकल्या. 'गोरे मतदार चाचणीत खोटं बोलले' असा सूर लगेच लागला. जनमत अभ्यासकांच्या समितीने पुढे छाननी केली, तेव्हा त्याला पुरावा सापडला नाही. चाचण्या लवकर थांबल्या होत्या, हे मात्र एक संभाव्य कारण निघालं. एकाच पक्षाचे दोन उमेदवार, धोरणांत फारसा फरक नाही, अशा वेळी मत शेवटच्या दिवशीही हलतं.

एकूण मतांची बेरीज डोळे झाकून स्वीकारू नका

दोघांनाही पावणेदोन कोटींच्या आसपास मतं पडली. पण मिशिगनने पक्षाच्या वेळापत्रकाआधी मतदान घेतलं आणि तिथल्या मतपत्रिकेवर ओबामांचं नावच नव्हतं. ते राज्य धरलं की नाही यावर 'जास्त मतं कुणाची' याचं उत्तर बदलतं. त्यातच काही कॉकस राज्यांनी प्रत्यक्ष मतांचा आकडा दिलाच नाही.

रागाच्या भरात दिलेलं उत्तर नोव्हेंबरपर्यंत ताणू नका

मार्च २००८ मध्ये गॅलपच्या चाचणीत क्लिंटन यांचे २८ टक्के समर्थक म्हणाले, ओबामा उमेदवार झाले तर आम्ही रिपब्लिकन पक्षाच्या मॅकेनना मत देऊ. नोव्हेंबरच्या मतदानोत्तर चाचणीत क्लिंटन यांच्या बाजूच्या डेमोक्रॅट मतदारांपैकी दहातल्या आठांहून जास्त जणांनी ओबामांनाच मत दिलं होतं.

तरीही आकडे जुळत नसतील तर

दोन गोष्टी तपासा. एक, यादीत सुपरडेलिगेट, म्हणजे खासदार, गव्हर्नर आणि पक्षाचे पदाधिकारी, धरले आहेत का. २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला. चुरस असेल तर आता त्यांना अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत मत नाही. दोन, बहुमताचा आकडा कोणत्या तारखेचा आहे. ३१ मे २००८ ला वेळापत्रक मोडणाऱ्या फ्लोरिडा आणि मिशिगनच्या डेलिगेटना प्रत्येकी अर्धं मत मिळालं आणि बहुमताचा आकडा २,०२५ वरून २,११८ वर गेला. ओबामांनी तो ३ जूनला ओलांडला.