निवृत्तांच्या वसाहतीतला गोल्फ कोर्स का बिघडतो? या चुका टाळा

फ्लोरिडातल्या निवृत्तांच्या वसाहतींत जानेवारी ते मार्च हा तक्रारींचा मोसम असतो. उत्तरेकडची मंडळी थंडी चुकवून आलेली असतात, टी-टाइम (खेळ सुरू करायची राखीव वेळ) मिळता मिळत नाही, आणि नेमकी तेव्हाच ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, टकलं पडतात, टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, वाळू उघडी होते, कार्टच्या (खेळाडूंच्या छोट्या गाड्यांच्या) रस्त्याकडेला माती दिसू लागते. मग समितीची बैठक बसते. खत टाका, पाणी वाढवा, बी पेरा, अशा सूचना येतात. त्या महिन्यांत यातलं जवळजवळ काहीच लागू पडत नाही.

कारण तिथलं बर्म्युडा गवत हा आपल्या हरळीचाच संकर. ते जोमानं वाढतं २७ ते ३५ अंश सेल्सियसला. थंडीत त्याची वाढ मंदावते आणि माती १० अंशांच्या खाली गेली की ते झोपतं. म्हणजे खेळ सर्वांत जास्त आणि झीज भरून काढायची ताकद सर्वांत कमी, हे दोन्ही एकाच वेळी येतं. मे ते ऑगस्टमध्ये मुळांत जी शिल्लक पडते, तिच्यावरच हिवाळा निघतो. म्हणून बहुतेक चुका शोधायच्या त्या उन्हाळ्यात.

उन्हाळी एरिफिकेशन पुढे ढकलणं

एरिफिकेशन म्हणजे ग्रीनला भोकं पाडून त्यातली माती काढणं आणि जागी वाळू भरणं. ते पुढे ढकलणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. ग्रीनला भोकं पाडली की चेंडू उड्या मारतो, रहिवासी कुरकुरतात, कुठली तरी स्पर्धा ठरलेली असते, आणि मंडळ म्हणतं, यंदा एकदाच करू. पण बर्म्युडाची जुनी खोडं आणि मुळं पृष्ठभागाखाली स्पंजासारखा थर धरतात. पाणी त्यात अडकतं, मुळं खाली उतरतच नाहीत, आणि मॉवरची चाकं त्या मऊ थरात रुतून गवत मुळापर्यंत सोललं जातं.

हिशोब सोपा आहे. अर्धा इंच व्यासाची पोकळ दातरी (माती उपसणारी नळी) दोन-दोन इंचांवर चालवली, तर एका फेरीत पृष्ठभागाचा सुमारे ५ टक्के भाग निघतो. वर्षाकाठी १५ ते २० टक्के निघायला हवा. म्हणजे अशा किमान तीन फेऱ्या, आणि त्या मे ते ऑगस्टमध्येच. खोली तीन इंच. निघालेल्या गुल्ल्या (मातीचे लांबट तुकडे) गोळा करून बाहेर टाकायच्या. त्या चिरडून पुन्हा ग्रीनवर पसरल्या, तर काढलेला कचरा परत आत जातो.

पुढची गफलत वाळूची. भोकं काठोकाठ भरली नाहीत तर तोंडाशी गवत मिटतं आणि आत पोकळी राहते. तीन इंच खोल भोकांसाठी ५,००० चौरस फुटांच्या ग्रीनला सुमारे ६० घनफूट वाळू नुसती भोकांतच जाते. पृष्ठभागावर राहते ती वेगळी. वाळू कोरडी हवी, म्हणजे ब्रशनं ती खाली सरकते. आणि ती ग्रीनमधल्या मूळ वाळूच्याच कणांची हवी. स्वस्त मिळाली म्हणून बारीक वाळू आणली, की तिचा वेगळा थर बनतो, पाणी त्याच्यावर थांबतं, आणि दोन-तीन वर्षांनी तिथे काळी, वास मारणारी माती सापडते. पुरवठादार बदलला की पहिली गाडी उतरवण्याआधी कणांची प्रयोगशाळेत चाचणी करून घ्या.

जुलैत ही भोकं दोन आठवड्यांच्या आसपास भरून येतात. तेच काम नोव्हेंबरात केलं, तर भोकं वसंतापर्यंत दिसत राहतात. तारखा वर्षभर आधी जाहीर करा, एका वेळी नऊच होल बंद ठेवा, आणि ठरलेली तारीख स्पर्धेसाठी हलवू नका.

वेगासाठी गवत खाली कापणं

टीव्हीवरच्या स्पर्धेसारखी ग्रीन हवी, ही मागणी दर मोसमात येते. ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरवर मोजतात: या उतरत्या पट्टीवरून सोडलेला चेंडू ग्रीनवर जितके फूट घरंगळतो, तितका वेग. वसाहतीतल्या खेळासाठी आठ ते नऊ फूट पुरेसा आहे. त्यापलीकडे पटिंग, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलणं, लांबतं आणि मागचे गट खोळंबतात. अल्ट्राड्वार्फ, म्हणजे अगदी बुटक्या बर्म्युडा जातीचं गवत ०.१२५ इंचावर, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आत, टिकतं खरं. पण ऊन आणि वाढ दोन्ही असतील तर. ऑगस्टमधल्या सलग ढगाळ आठवड्यांत आणि डिसेंबरच्या छोट्या दिवसांत कटाई ०.१४० इंचापर्यंत वर घ्या. वेग हवाच असेल तर रोलर फिरवा आणि उन्हाळ्यात हलकी वाळू वरचेवर द्या.

उंचीइतकीच धारही पाहा. रील मॉवर कात्रीसारखा कापतो: फिरतं पातं आणि खालची स्थिर पट्टी. दोघांमध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी धरून रील हातानं फिरवा, अर्थात इंजिन बंद करून. पट्टी संपूर्ण रुंदीवर स्वच्छ कापली गेली पाहिजे. ती एका टोकाला दुमडली, तर त्या टोकाशी गवतही फाटतंय. दुसऱ्या दिवशी ग्रीनवर पांढुरकी झाक येते ती याचमुळे, आणि पुष्कळदा तिला रोग समजून बुरशीनाशक मारलं जातं.

डागाचा आकार न पाहता औषध मारणं

आधी आकार बघा. सरळ, एकसारख्या रुंदीची तपकिरी रेघ म्हणजे यंत्र: हायड्रॉलिक तेल गळलं, किंवा खत टाकणाऱ्याची फेरी दुबार झाली. सुबक वर्तुळ किंवा कडं असेल तर बुरशीचा संशय घ्या. स्प्रिंकलरच्या भोवतीच डाग असेल तर नोझल तपासा. वेडावाकडा, दुपारी निळसर-करडा पडणारा डाग बहुधा कोरडेपणाचा असतो. तिथून मातीची गुल्ली काढून तिच्यावर पाण्याचे थेंब ठेवा. थेंब पाच सेकंदांहून जास्त तसाच उभा राहिला, तर वाळू पाणी झिडकारते आहे. तिथे वेटिंग एजंट (वाळूत पाणी मुरवणारं द्रावण) द्या आणि हातानं पाणी घाला. सगळ्या ग्रीनचं पाणी वाढवून फक्त चांगला भाग चिखल होतो.

पाणी आहे, खत आहे, तरी गवत पातळ होतंय आणि मुळं आखूड, काळपट दिसतात? फ्लोरिडाच्या वाळूत सूत्रकृमींचा, म्हणजे मुळं खाणाऱ्या सूक्ष्म जंतांचा, विचार आधी करावा लागतो. मेलेल्या भागातून नमुना घेऊ नका, तिथे खायलाच काही उरलेलं नसतं. डागाच्या कडेवरून चार इंच खोल १५ ते २० गुल्ल्या काढा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, आणि गेन्सव्हिलला फ्लोरिडा विद्यापीठाच्या सूत्रकृमी प्रयोगशाळेत पाठवा. कृमी वाटेतच मेले तर अहवाल फसवा येतो.

स्प्रिंकलरची वेळ वाढवत राहणं

खचलेलं हेड (स्प्रिंकलरचं पाणी फेकणारं डोकं), वाकडं बसलेलं हेड, झिजलेलं नोझल यांवर मिनिटं वाढवणं हा उपाय नव्हे. ग्रीनवर दर दहा फुटांवर सारख्या आकाराचे डबे ठेवा, १५ मिनिटं पाणी चालवा आणि मोजा. सर्वांत कमी भरलेल्या एक चतुर्थांश डब्यांची सरासरी भागिले सगळ्यांची सरासरी. समजा ती ६ आणि १० मिलिमीटर आली, म्हणजे समानता ६० टक्के. ७० च्या वर असेल तर ठीक, ५५ च्या खाली असेल तर आधी हेडं सरळ करा, नोझल बदला.

अनेक कोर्सना प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळतं. त्यात नत्र आणि स्फुरद आधीच असतं, ते खताच्या हिशोबातून वजा करा. वर्षातून दोनदा क्षार आणि सोडियम तपासा.

टी आणि कार्ट

एक्झिक्युटिव्ह, म्हणजे छोट्या, कोर्सवर बहुतेक होल पार-तीन (तीन फटक्यांत पुरे करायचे) असतात, म्हणजे जवळजवळ प्रत्येक टीवर आयर्नचा, म्हणजे धातूच्या पात्याच्या काठीचा, घाव. रूढ ठोकताळा असा: वर्षाला खेळाच्या दर १,००० फेऱ्यांमागे साध्या टीला १०० चौरस फूट, पार-तीनच्या टीला २०० चौरस फूट जागा. ४०,००० फेऱ्या होत असतील तर पार-तीनच्या टीला ८,००० चौरस फूट लागतात. टी २,००० चौरस फुटांचीच असेल, तर कर्मचाऱ्यांना दोष देऊन गवत येणार नाही. टी वाढवा, किंवा वर्दळीचे महिने चटया अंथरा. फटका कुठून मारायचा ते दाखवणारे मार्कर रोज हलवा.

या वसाहतींत गुडघ्या-कंबरेच्या दुखण्यामुळे ग्रीनजवळ नेण्याची परवानगी दाखवणारे झेंडे लावलेल्या कार्ट बऱ्याच असतात, आणि त्या असल्याच पाहिजेत. चूक ही की सगळे एकाच वाटेनं आत-बाहेर करतात. दोर आणि खुंट्या दर आठवड्याला सरकवा, झेंडेवाल्यांनाही ग्रीनपासून ३० फूट अंतर सांगा, आणि पावसानंतर माती दबेल इतकी ओली असेतो इतर सर्वांना पक्क्या रस्त्यावर ठेवा.

कंत्राटात मोघम शब्द

“ग्रीनची योग्य निगा राखली जाईल” या वाक्यावर कोणालाच जाब विचारता येत नाही. एरिफिकेशनच्या फेऱ्या, दातरीचा व्यास, अंतर, खोली, दर ग्रीनमागे वाळू, आठवड्यातल्या कटाया, फवारणीची नोंदवही, हे सगळं आकड्यांत लिहून घ्या. राखीव निधीत बंकरची (कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांची) वाळू ५ ते ७ वर्षांनी आणि सिंचन यंत्रणा १० ते ३० वर्षांनी बदलायची धरा. अंदाजपत्रकात हे नसतं, तेव्हा पहिली कात्री उन्हाळी वाळूला लागते.

चेंडूचे खड्डे

ग्रीनवर चेंडू पडून झालेला खड्डा बरेच जण काट्यानं खालून वर उचकटतात. त्यानं मुळं तुटतात आणि मधोमध वाळलेला ठिपका राहतो. काटा कडेला खुपसा, गवत मध्याकडे ढकला, चारी बाजूंनी तसं करा आणि पटरच्या तळानं दाबा. वाकता येत नसेल त्यांच्यासाठी लांब दांड्याचे काटे मिळतात. पहिल्या आणि दहाव्या टीजवळ असे दोन-चार टांगून ठेवा.