सिनेमे विकत घेताना, भाड्याने घेताना आणि कॉपी करताना या चुका टाळा

"ऑनलाइन विकत घेतलेला सिनेमा दिसतच नाहीये, जरा बघतोस का?" असा फोन मला वरचेवर येतो, आणि दहातल्या आठ वेळा घोळ एकच असतो. सिनेमा जागेवरच असतो, पण ज्या ई-मेलवर तो घेतला ती ई-मेलच हाताशी नसते.

माझ्या एका मित्राने सहा वर्षांत चाळीसेक सिनेमे घेतले, तेही ऑफिसच्या ई-मेलवर, कारण पहिल्या दिवशी तीच समोर उघडी होती. पुढे नोकरी बदलली. टीव्हीवर लॉगिन चालू होतं, म्हणून वर्षभर काही जाणवलं नाही. टीव्ही बदलला आणि नव्या टीव्हीने कोड मागितला. कोड गेला बंद झालेल्या मेलबॉक्सात. ग्राहक सेवेने ऑर्डर क्रमांक मागितले, तर पावत्याही त्याच मेलबॉक्सात. दोन आठवडे आम्ही दोघं त्या चॅटच्या खिडकीसमोर बसलो होतो. एकही सिनेमा परत मिळाला नाही.

म्हणून माझी सवय सांगतो. या खरेदीसाठी एक खासगी ई-मेल वेगळी ठेवलीय. फोन नंबर बदलला की त्याच दिवशी खात्यात बदलतो. पावती आली की पीडीएफ लगेच एका फोल्डरमध्ये टाकतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्यांपैकी नंतर केलेला मी अजून पाहिला नाही.

‘विकत घ्या’ या बटणावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आपल्याला मिळतो तो बघण्याचा परवाना. अल्ट्राव्हायोलेट नावाची सिनेमे सांभाळणारी सेवा 31 जुलै 2019 रोजी बंद झाली. ज्यांनी वेळेत आपलं खातं दुसऱ्या ऑनलाइन दुकानाशी जोडून घेतलं होतं, त्यांचे सिनेमे बहुतांशी वाचले. 2022 च्या ऑगस्टअखेर जर्मनी आणि ऑस्ट्रियात प्लेस्टेशनच्या दुकानातून विकत घेतलेले स्टुडिओकॅनाल या कंपनीचे सिनेमे लोकांच्या संग्रहातून काढले गेले. जो सिनेमा मला पुन्हा पुन्हा बघायचाय, तो मी डीव्हीडी किंवा ब्लू-रे डिस्कवरच घेतो. डिस्क पासवर्ड विचारत नाही. फक्त घेण्याआधी तिचा रीजन कोड (ती जगाच्या कोणत्या भागात चालेल ते ठरवणारी खूण) आपल्या प्लेअरला चालतो का, तेवढं बघा.

भाड्याने घेतलात तर ‘चालतोय का बघू’ म्हणून पाच मिनिटं लावून बघू नका. बऱ्याच ठिकाणी सुरू करायला 30 दिवस असतात, पण एकदा प्ले दाबलं की 48 तास मोजायला लागतात. चाचणी करायची तर ट्रेलर लावा.

अ‍ॅपमधून डाउनलोड केलेली फाइल शोधून पेन ड्राइव्हवर टाकण्याचा खटाटोप सोडा. ती कुलूपबंद असते आणि किल्ली त्या फोनातल्या अ‍ॅपकडेच राहते.

आता कॉपीबद्दल, आणि इथे माझा जीव तुटतो. मामेभावाने घरच्या कार्यक्रमाचं शूटिंग नव्या हार्ड डिस्कवर हलवलं. कॉपी नाही, कट-पेस्ट. पट्टी शंभर टक्क्यांवर पोचताच त्याने वायर ओढली. फाइल उघडली, पहिली मिनिटं छान चालली, तो खूश. महिन्याभराने सगळे बघायला बसलो, तर पंचेचाळिसाव्या मिनिटाला चित्र चौकोनी तुकड्यांत फुटलं आणि थांबलं. आजोबांचं बोलणं त्याच्या पुढे होतं. मूळ फाइल कट-पेस्टने केव्हाच पुसली होती.

पट्टी भरली तरी शेवटचा भाग कधी कधी संगणकाच्या मेमरीतच असतो. ‘इजेक्ट’ (वायर काढण्याआधी संगणकाला द्यायचा आदेश) केल्यावरच तो हार्ड डिस्कवर उतरल्याची खात्री होते. त्यामुळे कट कधीच नाही, नेहमी कॉपी. मग इजेक्ट. मग पुन्हा जोडून सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून बघा. मोलाचं असेल तर दोन्ही फाइलींचा चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून संगणक काढतो तो ओळख-आकडा) जुळवा. मी मूळ फाइल आठवडाभर हात न लावता ठेवतो आणि घरच्या चित्रीकरणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत.

जागा असूनही पेन ड्राइव्ह ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणत असेल, तर तो बहुधा फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही. एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करा, पण आधी आतलं सगळं बाहेर काढून. मराठी सबटायटलच्या जागी प्रश्नचिन्हं आली, तर सबटायटलची एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिथे अक्षरं नीट दिसली तर यूटीएफ-8 (मराठी अक्षरंही साठवणारी पद्धत) निवडून पुन्हा सेव्ह करा, आणि तिचं नाव सिनेमाच्या फाइलचंच ठेवा.

आणि फुकटच्या साइटवरून उतरवलेल्या ‘सिनेमा’ला डबल क्लिक करण्याआधी त्याचं पूर्ण नाव बघा. विंडोज सहसा शेवटचं एक्स्टेंशन (नावातला टिंबानंतरचा, फाइलचा प्रकार सांगणारा भाग) लपवतं, त्यामुळे एमपी4 दिसणारी फाइल प्रत्यक्षात ईएक्सई, म्हणजे सिनेमा नसून चालणारा प्रोग्रॅम, असू शकते. तशी दिसली तर उघडू नका, सरळ डिलीट करा. आधीच उघडली असेल, तर इंटरनेट तोडा, दुसऱ्या उपकरणावरून ई-मेलचा पासवर्ड बदला आणि मगच मला फोन करा.