गाडीच्या स्टिरिओला आपले गंधर्व ओळखायला लावायचे कसे

बेळगावहून निपाणीकडं जाताना काकती मागं पडलं की रस्ता मोकळा मिळतो, तिथं मी स्टेअरिंगवरचं बटण दाबून म्हटलं "प्ले आर्टिस्ट कुमार गंधर्व" आणि स्पीकरमधनं उत्तर आलं "कॉलिंग कुमार". कुमार म्हणजे आमच्या गल्लीतला प्लंबर. पेनड्राइव्हवर कुमारजींच्या दीडशेच्या वर फाइल्स होत्या, खरं गाडीला त्यातली एकपण सापडली नाही. ज्यांचा जन्म आपल्या सुळेभावीत झाला, १९२४ साली, त्यांचं गाणं आपल्याच गाडीत मागून मिळत नाही म्हटल्यावर मला काय चैन पडेना. पुढचे तीन रविवार मी ह्याच कामात घातले आणि आता गाडी बहुतेक वेळा बरोबर ऐकतेय, म्हणून सगळं लिहून ठेवतोय, कुणाला उपयोग झाला तर बरं.

पहिली गोष्ट, लगेच नवीन स्टिरिओ घ्यायला जाऊ नका. आधी तो करतो काय ते बघा. पेनड्राइव्ह लावला की तो एकेक फाइल उघडून तिच्या आत लिहिलेली माहिती वाचतो, ह्याला टॅग म्हणतात, गाण्याचं नाव, आर्टिस्ट, अल्बम, जॉनर वगैरे, आणि त्यातनं नावांची एक यादी तयार करतो. तुम्ही बोललेलं तो त्या यादीशी ताडून बघतो, जे सगळ्यात जवळचं वाटेल ते लावतो. फाइलला बाहेरनं काय नाव दिलंय किंवा कुठल्या फोल्डरात ठेवलीय ह्याचा आवाजी हुकमाशी बहुतेक गाड्यांत संबंधच नसतो. माझ्याकडं अर्धी गाणी बाबांच्या कॅसेटींवरनं कॉम्प्युटरवर घेतलेली, फोल्डर एकदम व्यवस्थित, खरं टॅग कोरे, म्हणजे गाडीच्या दृष्टीनं ती गाणी नाहीतच. आणि उरलेल्या अर्ध्यांत कुमारजी पाच वेगवेगळ्या नावांनी होते, कुठं पंडित लावून, कुठं नुसतं पीटी टिंब, कुठं शेवटचा ए गाळलेला, कुठं कंसात व्होकल, एके ठिकाणी तर ज्या साइटवरनं गाणं आलं तिचा पत्ताच आर्टिस्ट म्हणून. गाडीला हे पाच वेगळे गायक वाटतात, आणि मी बोललेलं नाव त्यातल्या एकाशीपण नीट जुळत नाही.

तर काम सगळं टॅगचं आहे. विंडोजवर एमपीथ्रीटॅग नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मी तेच वापरतो. सुरू करायच्या आधी सगळ्या गाण्यांची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा, हे टाळू नका, कारण बदल थेट फाइलमध्येच होतो. मग आर्टिस्टच्या रकान्यावर क्लिक करून यादी लावून घ्या, एकाच गायकाची सगळी रूपं जवळजवळ येतात, ती एकदम सिलेक्ट करायची, डावीकडच्या आर्टिस्टच्या चौकटीत एकदाच बरोबर नाव टाइप करायचं आणि कंट्रोल एस. दीडशे फाइल्स एका मिनिटात होतात. कोऱ्या टॅगवाल्या फाइल्सना बाहेरचं नाव बरं दिलेलं असेल तर त्याच सॉफ्टवेअरमध्ये फाइलच्या नावावरनं टॅग भरायची सोय आहे, कन्व्हर्ट मेनूत बघा.

नाव लिहिताना पंडित, उस्ताद, श्रीमती, डॉक्टर सगळं काढून टाका. आदर मनात आहेच की, गाडीला तो अडथळा होतो. पीटी टिंब दिसलं की ती ते पी टी असंच वाचायला बघते. जुगलबंदी असेल तर दोन्ही नावं "आणि" लावून आर्टिस्टमध्ये घालू नका, त्याचा तिसराच गायक तयार होतो, मुख्य नाव आर्टिस्टमध्ये आणि दुसरं गाण्याच्या नावात घाला.

आता आपल्या भागातली खास अडचण. आपल्याकडं गंधर्व एक नाहीत. बालगंधर्व, सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, छोटा गंधर्व आणि कुमारजी, ज्याच्या घरात जुनं संगीत आहे त्याच्याकडं हे चौघं असणारच. चौघांच्या नावाची शेपटी एकच, त्यामुळं पहिला शब्द ट्रकच्या आवाजात बुडाला की गाडी चौघांतला कुणीपण लावते. मी शेपटीच काढली. आर्टिस्टमध्ये आता नुसतं सवाई, नुसतं छोटा, कुमारजी, आणि बालगंधर्व हा एक अखंड शब्द. मनाला पहिल्यांदा बरं वाटलं नाही, म्हणून पूर्ण नाव अल्बम आर्टिस्टच्या रकान्यात जपून ठेवलंय. (फोनमध्ये प्लंबरचं नाव आता नुसतं प्लंबर केलंय.)

स्पेलिंगचं तर फार बघावं लागतं. बहुतेक गाड्यांचा कान इंग्रजी असतो, टॅग देवनागरीत लिहिले तर स्क्रीनवर एखादवेळेस दिसतील, खरं बोलून लावायला तसल्या गाड्यांत उपयोग नाही, रोमन अक्षरंच पाहिजेत. आणि रोमनमध्येपण आपण लिहितो तसं नव्हे, इंग्रज माणूस ते वाचून जो उच्चार करेल तो आपल्या उच्चाराजवळ यायला हवा. ह्याला एक युक्ती सापडली. एकच गाणं घ्या, त्याच्या पाच कॉप्या करा, प्रत्येकीत आर्टिस्टचं स्पेलिंग वेगळं टाका आणि रिकाम्या छोट्या पेनड्राइव्हवर घेऊन गाडीत बसा. भीमसेनला मी एकीत बी एच नंतर आय ठेवला आणि एकीत दोन ई, अंगणात गाडी उभी करून दहा वेळा नाव घेतलं, दहापैकी आठ वेळा गाडीनं दोन ईवालं उचललं. मग सगळीकडं तेच. मल्लिकार्जुन मन्सूर हे नाव गाडीला काही केल्या पेललं नाही, तिथं नुसतं मन्सूर ठेवलं आणि एका फटक्यात जमलं.

गाण्याच्या नावानं मागायच्या भानगडीत मात्र शक्यतो पडू नका. पाच-सहा हजार गाणी असतील तर यादी एवढी मोठी होते की एकसारखी ऐकू येणारी नावं ढिगानं असतात, आणि शास्त्रीय संगीतात राग, ताल, बंदिश सगळं मिळून नाव एवढं लांब होतं की पूर्ण बोलेपर्यंत गाडी ऐकायचं थांबते. जुन्या पद्धतीच्या टॅगमध्ये तर नावाला ३० अक्षरांचीच जागा असायची, त्यामुळं खूप नावं अर्ध्यात तुटलेली सापडतील. आर्टिस्ट, अल्बम आणि प्लेलिस्ट ह्या तिघांवर भर द्या. अल्बमची नावं मी माझ्या सोयीनं पाडलीत. भीमसेनजींनी मराठी अभंगपण गायलेत आणि कन्नड दासरपदंपण, म्हणजे हरिदासांची भक्तिपदं, आणि आमच्या आईला जाताना अभंग लागतात, येताना दासरपदं, तर दोन अल्बम केले, एक भीमसेन मराठी आणि एक भीमसेन कन्नडा. आई आता मागच्या सीटवरनं सांगते आणि मी बटण दाबून बोलतो.

प्लेलिस्टला साधे इंग्रजी शब्द द्या, मॉर्निंग, हायवे, टेम्पल असले, एकमेकांशी न जुळणारे. एमथ्रीयू प्रकारची प्लेलिस्ट करताना आत फाइलचा पत्ता कॉम्प्युटरच्या सी किंवा डी ड्राइव्हपासनं लिहिलेला नको, नाहीतर गाडीत ती रिकामी निघते, प्लेलिस्ट जिथं आहे तिथपासनंचा पत्ता पाहिजे.

पेनड्राइव्हबद्दल थोडक्यात. फॅट३२ फॉरमॅट बहुतेक सगळ्या गाड्या वाचतात, एनटीएफएस किंवा एक्सफॅट सगळ्यांना चालत नाही. किती फाइल्स आणि किती फोल्डर चालतात ह्याची मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते, ती बघाच, कारण मर्यादेच्या पुढची गाणी गुपचूप गळतात. ३२० केबीपीएसचं (हा आकडा जास्त तेवढा आवाज चांगला आणि फाइल मोठी) पाच मिनिटांचं गाणं साधारण १२ एमबी होतं, म्हणजे ३२ जीबीत अडीच हजारांच्या आसपास. गाडीच्या आवाजात १९२ पण पुरतं असं माझं मत. गाण्याला चिकटवलेले कव्हरचे फोटो मोठे असतील तर लहान करा, त्यानं वाचायला वेळ लागतो. आणि नवीन पेनड्राइव्ह लावल्यावर यादी तयार होईपर्यंत थांबा, हजारो गाणी असली की काही मिनिटं जातात, तेवढ्यात बोललात तर ती नाही म्हणणारच. माझ्या गाडीत हे चहा पिऊन येईपर्यंत होतं.

फोन अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेवरनं जोडत असाल तर ऐकायचं काम फोन करतो आणि नावं जास्त बरी ओळखतो, खरं त्याला नेट लागतं. गोव्याकडं चोर्ला घाटाच्या वाटेवर जांबोटी सोडली की माझ्या फोनची रेंज येते-जाते, कणकुंबीपुढं तर विचारूच नका. गोव्याला जायचं असेल तर गाणी ॲपमध्ये आधी डाउनलोड करून ठेवा, प्लेलिस्ट जांबोटीआधीच सुरू करा आणि पेनड्राइव्ह खिशात असू द्या. नुसत्या ब्लूटूथवर बऱ्याच गाड्यांत पुढं, मागं, थांब एवढंच चालतं, नाव घेऊन मागता येत नाही.

बोलताना काचा वर घ्या, एसीचा पंखा एक नंबरवर आणा, बीप वाजल्यावर मगच बोला, आणि शब्द तोडून-तोडून नको, एका दमात, नेहमीच्या आवाजात. हुकमाचे शब्द गाडीगाडीला वेगळे असतात, प्ले आर्टिस्ट का प्ले म्युझिक बाय, ते उभ्या गाडीत पाठ करा. तवंदी घाटात वळणावर हे शिकायला जाऊ नका, तिथं लागलेलं असेल ते ऐका, खाली उतरल्यावर बदला.