पऱ्हाटीचा बायोचार: या चुका टाळा

कापसाची उलंगवाडी झाली की मराठवाड्यात बांधोबांध पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या काड्या, पेटतात. त्यापेक्षा कुणी बायोचार, म्हणजे कमी हवेत जाळून जमिनीत घालायचा कोळसा, करायला घेतो, तेव्हा मला मनापासून बरं वाटतं. पण हे काम बहुतेक वेळा खड्ड्यावरच बिघडतं.

पऱ्हाटी ओली असते. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघाला की समजा, जळायला हवे होते ते वायू तसेच वर चालले, त्यात मिथेनही असतो. हवा तापवणारे जे वायू रोखायला हा सगळा खटाटोप, तेच आपण खड्ड्यातून सोडतो! वाकवल्यावर कडाडून मोडेल इतकी पऱ्हाटी वाळू द्या. खड्डा वर रुंद, तळाला निमुळता ठेवा. पहिला ढीग वरून पेटवा आणि थरावर पांढरी राख धरू लागली की लगेच पुढचा थर टाका. वरच्या जाळामुळे खालच्या निखाऱ्याला हवा मिळत नाही, म्हणून तो कोळसाच राहतो.

शेवटी निखारे विझवायचे. मी पहिल्या खेपेला चार पाट्या माती ढकलून घरी आलो. सकाळी पाहतो तर खड्ड्यात नुसती राख. कडेनं हवा शिरत राहिली होती. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण मलाही ठाऊक आहे, पण पाण्याचं टिपाड शेजारी आणल्याशिवाय काडी ओढू नका. पाणी नसेलच, तर वीतभर ओली माती, कडा नीट दाबून.

थंड झालेला तुकडा बोटांत चुरा. काळं साध्या पाण्यानं निघालं तर जमलं. तेलकट राहिलं, साबण लागला, तर तो कच्चा आहे. पुढच्या भट्टीत पुन्हा घाला.

आता रानातली चूक. आपली काळी जमीन चुनखडीची, सामू (pH) बऱ्याच ठिकाणी ८ च्या आसपास. बायोचारही बहुधा अल्कधर्मीच. आम्ल जमिनीसाठी सांगितलेलं एकरी प्रमाण इथे उचलू नका. राखमिश्रित कोळशावर युरिया फेकला की नत्र अमोनिया होऊन उडतं. युरिया मातीआड करा, हप्त्यांत द्या. पाणी साचलेल्या रानात त्याच नत्राचा नायट्रस ऑक्साइड होतो आणि १०० वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. बायोचार त्याला आवर घालू शकतो, पण चर काढून पाणी वाहतं केलं आणि युरियाचा हात आखडला तरच.

कोरा बायोचार टाकला आणि पीक पिवळं पडलं? तो मातीतलं नत्र धरून बसतो. शेणखत-गोमूत्रात दोन-तीन आठवडे मुरवा, ओलाच सरीत टाका. ओला असला की वाऱ्यावरही उडत नाही.

उगवणीपूर्वीचं तणनाशक लागू पडलं नाही, तर डोस वाढवू नका. कोळसा ते शोषून घेतो. तिथे कोळपंच घाला.

आणि पहिल्या वर्षी शेजारच्या चार ओळी बायोचारविना सोडा, म्हणजे फरक डोळ्यांनी दिसेल.