बायबल वाचताना या चुका टाळा – वचन बरोबर, पण अर्थ भलताच

एखादं वचन मनाला भिडलं की आपण ते लगेच स्टेटसला टाकतो, कुणी आजारी असेल तर त्याला पाठवतो, कुणी नवीन काम सुरू केलं की कार्डावर लिहून देतो, आणि यात वाईट काहीच नाही, वचनावर प्रेम आहे म्हणूनच होतं हे सगळं. पण पुष्कळदा असं होतं की वचन शब्द न् शब्द बरोबर असतं आणि आपण लावलेला अर्थ त्या वचनाचा नसतोच. याचा त्रास ज्याचं सगळं छान चाललंय त्याला होत नाही हो. ज्याच्या घरात लांबलेलं आजारपण आहे, ज्याचं मूल गेलंय, जिला नवरा मारतो, अशांना होतो. इव्हँजेलिकल मंडळ्या (प्रोटेस्टंट चर्चांचा एक प्रवाह) पवित्र शास्त्र म्हणजे बायबल हाच शेवटचा अधिकार मानतात, मग ते नीट वाचायची जबाबदारी पण सगळ्यात जास्त आपल्यावरच येते ना, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कोण बोलतंय तेच न बघणं

ईयोब ८:७, म्हणजे ईयोबाच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायाचं सातवं वचन घ्या. तुझी सुरुवात लहान असली तरी तुझा शेवट फार मोठा होईल, अशा अर्थाचं वचन आहे, भिंतीवर, डायरीवर, नव्या कामाच्या शुभेच्छांमध्ये सगळीकडे दिसतं. आता बायबल उघडा आणि हे कोण म्हणतंय बघा. देव नाही, ईयोब पण नाही, ईयोबाचा मित्र बिल्दद म्हणतोय. ईयोबाची सात मुलं आणि तीन मुली घर कोसळून एकाच दिवशी गेल्या आहेत, अंगभर गळवं आली आहेत, तो राखेत बसलाय, आणि हा मित्र येऊन फक्त तीन वचनं आधी, म्हणजे ८:४ मध्ये, त्या बापाच्या तोंडावर सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून देवाने त्यांना त्यांच्या पापाच्या हवाली केलं. मग पुढे म्हणतो, तू खरंच शुद्ध आणि सरळ असशील तर देव तुला परत उभं करेल, आणि त्याच ओघात ते सातवं वचन येतं. म्हणजे ते आश्वासन नाहीच मुळी, दुःखात बुडालेल्या माणसावर केलेला आरोप आहे. आणि पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देव स्वतः ईयोबाच्या दुसऱ्या मित्राला, अलीफजाला, सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर मी संतापलोय, कारण तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत.

कुणी म्हणेल की अहो पण ईयोबाचा शेवट मोठा झालाच की, ४२:१२ मध्ये लिहिलंय. झाला ना. पण बिल्ददने सांगितलेल्या कारणाने नाही झाला, आणि सगळा फरक तिथेच आहे. या मित्रांचं प्रत्येक वाक्य चूक आहे असं पण नाही, अलीफजाचं एक वाक्य (ईयोब ५:१३) नव्या करारातली पुष्कळ पत्रं लिहिणाऱ्या पौलाने १ करिंथ ३:१९ मध्ये आधारासाठी घेतलंय. मुद्दा एवढाच की बायबलमध्ये छापलंय म्हणजे ते वाक्य देवाच्या तोंडचं झालं असं नाही. सैतानाने पण मंदिराच्या शिखरावर येशूला स्तोत्र ९१ (देवदूत तुला झेलतील) म्हणून दाखवलंच होतं, एक शब्द खोटा नव्हता त्यात, आणि येशूने त्याला उत्तर दिलं ते अनुवाद ६:१६ मधल्या दुसऱ्या वचनाने, देवाची परीक्षा पाहू नको.

कोणाला बोललंय ते विसरणं

यिर्मया २९:११, देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत. परीक्षा, नोकरी, लग्न, सगळीकडे हेच. हे वचन एका पत्रातलं आहे, बाबेलचा राजा नबुखद्नेस्सरने यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेलं पत्र. याच्या आधीचा २८ वा अध्याय नक्की वाचा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील, बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेलं लाकडी जू काढून मोडून टाकतो. लोकांना ऐकायला किती गोड वाटलं असेल ते! आणि यिर्मया सांगतो की नाही, सत्तर वर्षं. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं म्हणजे ते पत्र हातात घेऊन वाचणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेक जण परत जायच्या आधीच मरणार होते. त्यांना हे अकरावं वचन दिलंय.

म्हणजे ते आपल्यासाठी नाहीच का? आहे, पण आधी त्यांचं आहे आणि मग आपलं. देव आपल्या लोकांना सोडत नाही, शिक्षेच्या काळात पण सोडत नाही, त्याचं हित आपल्या आयुष्याहून मोठ्या हिशोबाने चालतं, हे आपल्याला मिळतं. पुढच्या महिन्यात नोकरी लागेल हे त्यातून मिळत नाही. आणि तसं सांगून ठेवलं की नोकरी नाही लागली तर तो पोरगा आपल्यावर नाही, देवावर रुसतो, कारण आपण त्याला यिर्मयाचं वचन देऊन हनन्याचा संदेश सांगितलेला असतो.

फिलिप्पै ४:१३ ची गोष्ट थोडक्यात सांगतो. जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सगळं करू शकतो, हे पौल कैदेतून लिहितोय आणि त्याच्या वरच्याच दोन वचनांत भरल्या पोटी आणि उपाशी दोन्ही वेळी समाधानी राहायला शिकलोय असं म्हणतोय. तेच ते सगळं. मॅच जिंकणं त्यात नाही. खरं तर वचनांना नंबर दिल्यामुळे पण आपल्याला एकेक वाक्य सुटं उचलायची सवय लागलीये. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी १३ व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनने केली असं मानतात, आणि नव्या कराराला आजचे वचन क्रमांक रॉबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने १५५१ मध्ये दिले. पौलाने नुसतं पत्र लिहिलं होतं, मंडळीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायला.

नीतिसूत्राची गॅरंटी करणं

मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण दे म्हणजे म्हातारपणी पण तो त्यापासून वळणार नाही, नीतिसूत्रे २२:६. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी विश्वासापासून दूर गेलीये अशा आईबापांना हे वचन किती टोचतं हे आपल्या लक्षात येत नाही. त्यांनी घरी प्रार्थना केल्या, संडे स्कूलला पाठवलं, सगळं केलं, आणि मग कुणीतरी हे वचन असं म्हणतं की त्याचा एकच अर्थ निघतो, तुमचंच काहीतरी चुकलं.

पण नीतिसूत्रं ही जग साधारणपणे कसं चालतं ते सांगतात, करार नसतो तो. २६:४ आणि २६:५ शेजारी शेजारी वाचा, एक म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, लगेच पुढचं म्हणतं दे. दोन्ही खरी आहेत, कुठे कुठलं लावायचं ते ओळखणं यालाच शहाणपण म्हणतात. यशयाच्या पहिल्याच अध्यायात देव स्वतः म्हणतो की मी लेकरं वाढवली आणि ती माझ्यावर उलटली. तिथे बापाचं काय चुकलं होतं?

विश्वास कमी पडला असं म्हणणं

आजारी माणसाला हे वाक्य कधीच बोलू नका, प्लीज. देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, याकोब ५ मध्ये मंडळीतल्या वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, ते करा, मनापासून करा. पण २ तीमथ्य ४:२० मध्ये पौल लिहितो की त्रफिमाला मी मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवलं. ज्या पौलाच्या हातून इतके लोक बरे झाले त्याचाच सोबती! आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, तो वारंवार होणाऱ्या आजारांसाठी आणि पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. स्वतःच्या शरीरातला काटा काढ म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि तो काढला गेला नाही. इब्री ११ मध्ये विश्वासाने सिंहांची तोंडं बंद करणारे आहेत आणि त्याच अध्यायात, ३५ व्या वचनाच्या मध्यापासून, विश्वासानेच हाल सोसलेले, करवतीने चिरलेले पण आहेत. दोघांचाही विश्वास देवाने नावाजलाय. म्हणून प्रार्थना पण करा आणि औषध पण बंद करू नका, औषध सोडून विश्वास सिद्ध कर असं कुणी सांगत असेल तर तो शास्त्राच्या बाहेरचं सांगतोय.

घडलं म्हणजे करायचं असं समजणं

शास्ते ६ मध्ये गिदोनाने रात्री लोकर ठेवून ती दवाने भिजते का अशी खूण मागितली म्हणून आपण पण देवाकडे खुणा मागायच्या, असं पुष्कळ जण करतात. तुझ्या हातून इस्राएलची सुटका करीन असं देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितलं होतं, तो स्वतः म्हणतोय की रागावू नकोस, अजून एकदाच, म्हणजे तो अडखळलेला माणूस आहे आणि देव त्याला सांभाळून घेतोय. शास्ते ११ मधल्या इफ्ताहाचा नवस (जिंकलो तर घरातून जे पहिलं बाहेर येईल ते अर्पण करीन, आणि बाहेर आली त्याची मुलगी) तर कुणी आदर्श म्हणून सांगत नाही ना? मग त्याच पुस्तकातल्या बाकी गोष्टींना पण तोच नियम लावा. लेखकाने शेवटच्या वचनात सांगूनच ठेवलंय की त्या काळात जो तो आपल्या मनाला येईल ते करायचा.

वचन दुबळ्या माणसावर चालवणं

ही सगळ्यात गंभीर चूक. मार खाणाऱ्या बाईला इफिस ५:२२ (बायकांनो, नवऱ्याच्या अधीन राहा) सांगून घरी परत पाठवायचं. अरे, २१ वं वचन एकमेकांच्या अधीन व्हा असं सांगतं, बायकांना तीन वचनं आहेत आणि नवऱ्यांना त्याच्या दुपटीहून जास्त, ती पण ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती करा म्हणून, आपल्या शरीराचं पोषण करता तसं तिला जपा म्हणून. देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे म्हणून मलाखी २:१६ तिला ऐकवतात. तो उतारा बायकोशी विश्वासघात करणाऱ्या पुरुषांना उद्देशून आहे, आणि त्याच वचनात जुलमाबद्दलही देवाचा रोष आहे. क्षमा कर आणि पोलिसात जाऊ नको हे पण खूप चालतं. क्षमा करणं आणि तक्रार करणं यात काही विरोध नाही, रोम १३:४ अधिकाऱ्याला वाईट करणाऱ्याला शिक्षा देणारा देवाचा सेवक म्हणतं, आणि पौलाने स्वतः फटके बसायच्या वेळी रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला, पुढे थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. तेव्हा अशी बहीण तुमच्याकडे आली तर आधी ती सुरक्षित आहे का ते बघा, समेटाची चर्चा त्याच्या नंतर, आणि तिची तयारी असेल तरच.

मंडळीत कुणी गैरव्यवहार दाखवून दिला की मत्तय ७:१ काढायचं, दोष काढू नका. त्याच अध्यायात १५ व्या वचनात येशू खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहा म्हणतो, ते ओळखल्याशिवाय कसं होणार? ७:५ मध्ये आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ आणि मग भावाचं कुसळ काढ असं आहे, कुसळ राहू दे असं नाही.

इतिहासात हे किती लांबवर जाऊ शकतं ते गुलामगिरीत दिसतं. १८०७ मध्ये लंडनला वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक भागांचं बायबल छापलं, त्यातून मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटकेची कथाच काढून टाकलेली, दासांनो धन्यांच्या आज्ञा पाळा हे मात्र ठेवलेलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा झाला, ज्याच्यासाठी विल्बरफोर्ससारखा इव्हँजेलिकल खासदार वर्षानुवर्षं झगडत होता. अमेरिकेत १८४५ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन (दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांची संघटना) वेगळी झाली त्यामागे गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही हाच वाद होता, आणि त्यांनी १९९५ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. निर्गम २१:१६ माणूस चोरून विकणाऱ्याला देहदंड सांगतं. ते वचन तेव्हाही बायबलमध्ये होतंच. त्यामुळे एखाद्या वचनातून आपल्याला सोयीचा आणि दुसऱ्याला चिरडणारा अर्थ निघाला की थांबा आणि पूर्ण पत्र वाचा, पूर्ण पुस्तक वाचा.

तारखा काढणं

येशू परत कधी येणार याच्या तारखा काढण्यावर जास्त लिहीत नाही. अमेरिकेतला उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी दानीएलाच्या पुस्तकातून हिशोब करून २२ ऑक्टोबर १८४४ ठरवला, हॅरोल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११, दोन्ही दिवस येऊन गेले. मार्क १३:३२ मध्ये येशू म्हणतो की तो दिवस पुत्राला पण ठाऊक नाही, फक्त पित्याला. प्रकटीकरण हे बायबलचं शेवटचं पुस्तक आशिया या तेव्हाच्या रोमी प्रांतातल्या सात मंडळ्यांना पाठवलेलं होतं, छळात टिकून राहायला, त्यांना त्यातून काय कळलं असेल ते आधी विचारा.

दोन वचनं एकमेकांना काटतात असं वाटलं तर

घाबरू नका आणि त्यातलं एक दाबून पण टाकू नका. रोम ३:२८ म्हणतं माणूस कर्मांशिवाय विश्वासाने नीतिमान ठरतो, याकोब २:२४ म्हणतं फक्त विश्वासाने नाही. दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात. पौलाचा सगळा जोर उत्पत्ति १५ वर आहे, मूल व्हायच्या आधी अब्राहामाने नुसता विश्वास ठेवला तिथे. याकोब तेच वचन घेतो पण त्याला उत्पत्ति २२ शी जोडतो, कित्येक वर्षांनी इसहाकाला वेदीवर ठेवलं तिथे. एक जण सांगतोय देवापुढे नीतिमान कसं ठरतात, दुसरा सांगतोय तो विश्वास जिवंत आहे हे कशावरून कळतं. समोरचे श्रोते वेगळे, दुखणं वेगळं.

आणि काही उतारे तरीही अवघड राहतात, २ पेत्र ३:१६ मध्ये पेत्र पण पौलाच्या पत्रांबद्दल तेच म्हणतो. अशा वेळी एकट्याने निष्कर्ष काढू नका, वेगळ्या वयाच्या, वेगळ्या परिस्थितीतल्या विश्वासणाऱ्यांबरोबर वाचा, दोन भाषांतरं शेजारी ठेवा. पाळकांना पण विनंती, उपदेश झाल्यावर कुणी तरुण येऊन म्हणाला की वरच्या वचनात तर वेगळंच दिसतंय, तर त्याला गप्प करू नका, तिथेच त्याच्यासोबत पान उघडा. बिरुया शहरातल्या लोकांनी पौल सांगतोय ते खरं आहे का म्हणून रोज शास्त्र तपासलं, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये लूकने त्यांना त्याबद्दल थोर मनाचे म्हटलंय.